मेळाव्याला जाऊन काय मिळतं?

जानेवारीच्या ३ तारखेला सावित्रीमाईंची जयंती येते, फेब्रुवारीच्या ७ तारखेला माता रमाईची. मग ८ मार्चचा महिला दिन, आणि त्यामागोमाग १४ एप्रिल. या चार महिन्यांत आपल्या वस्त्यावस्त्यांतून महिला मेळावे भरतात. विहारापुढे मांडव पडतो, सतरंज्या अंथरल्या जातात, लाऊडस्पीकर लागतो. आणि त्याच दिवशी घरोघरी एक प्रश्नही ठरलेला असतो : "मेळाव्याला जाऊन काय मिळतं गं?"

नवरा विचारतो, सासू विचारते. आणि खरं सांगायचं तर दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेली बाईसुद्धा हा प्रश्न स्वतःला विचारते. संध्याकाळचा स्वयंपाक आधी उरकायचा, धाकट्याला कडेवर घ्यायचं, दोन तास पाहुण्यांची भाषणं ऐकायची, अर्धा कप चहा प्यायचा आणि घरी यायचं. कुणाकुणाची तर त्या पायी रोजंदारी बुडते. मग यात मिळालं काय?

भगिनींनो, हा प्रश्न वाईट नाही. कष्टानं पैसा कमावणारी माणसं प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागतात, आणि मागावाच. म्हणून या वेळी आम्ही या प्रश्नाला रागावून उत्तर देणार नाही. आपल्याच आज्या-पणज्यांनी भरवलेल्या एका मेळाव्याचा हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहोत. तो वाचा, घरात वाचून दाखवा, आणि मग आपापल्या वस्तीतल्या मेळाव्याचा हिशेब तुम्हीच करा.

वेगळी पंगत

ही गोष्ट नागपूरची आहे, आणि तिची सुरुवात एका अपमानापासून होते.

जाईबाई चौधरी हे नाव आपल्यातल्या किती जणींनी ऐकलं आहे? आमची लेकरं शाळेत पुष्कळ नावं पाठ करतात, त्यात हे नाव सापडत नाही. जाईबाई ओझी वाहून पोट भरणाऱ्या बाई. नागपूर स्टेशनपासून कामठीपर्यंत डोक्यावरून सामान नेण्याची हमाली त्यांनी केली. हमाली करता करता त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवणार म्हणून लोकांनी कांगावा केला, तेव्हा ती नोकरीही गेली. तरी त्या खचल्या नाहीत. त्यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. ज्या काळात आपल्या मुलीच्या हातात पाटी दिसली की लोक हसत, त्या काळात या बाईनं मुलींची शाळा चालवली.

१९३७ साल संपता संपता नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशातल्या शिकल्या-सवरल्या, पुढारलेल्या स्त्रिया तिथं आल्या होत्या. स्त्री-शिक्षण, स्त्रियांचे हक्क, सगळ्या मोठ्या विषयांवर तिथं चर्चा होती. जाईबाईही गेल्या. शाळा चालवणारी बाई स्त्री-शिक्षणाच्या परिषदेला जाणार नाही तर कोण जाणार? पण जेवणाची वेळ आली तेव्हा त्यांना इतर बायांपासून वेगळं बसवण्यात आलं.

विचार करा. सभेत सगळ्या बाया भगिनी आणि जेवायच्या वेळी एक बाई अस्पृश्य! पुरुषांनी बाईला दुय्यम मानलं म्हणून ज्या परिषदेत निषेध होत होता, तिथंच एका बाईनं दुसऱ्या बाईला पंगतीबाहेर बसवलं.

असे अपमान आपल्या घरांत नवीन नव्हते. पिढ्यानपिढ्या बाया तो घोट गिळून घरी येत आणि चुलीपुढे बसून पदरानं डोळे पुसत. या वेळी मात्र वेगळं घडलं. १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या समाजातल्या बायांनी नागपुरात मोठी सभा घेतली आणि या वागणुकीचा जाहीर निषेध केला. एका बाईचा अपमान हा सगळ्यांचा अपमान ठरला. दुसऱ्याच्या पंगतीत जागा मागण्यापेक्षा आपली बैठक आपण भरवावी, ही हिंमत अशा प्रसंगांतून आली, असं आम्हाला वाटतं.

ही हिंमत आकाशातून पडली नव्हती. दहा वर्षं आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, आणि त्याच सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायांची वेगळी सभा घेऊन त्यांच्याशी बोलणं केलं होतं. अंगावरच्या ज्या खुणांवरून आपली जात ओळखली जाते त्या टाका, मुलींना शिकवा, दारू पिऊन आलेल्या माणसाला घरात थारा देऊ नका, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. सभेहून परतण्याआधीच बायांनी साडी नेसण्याची पद्धत बदलली. पुढे १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बाया पुरुषांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. बाबासाहेब बायांना नेहमी चळवळीच्या मध्यभागी उभं करत. त्याचं पीक १९४२ साली नागपुरात आलं.

मोहन पार्कातले तीन दिवस

१८ ते २० जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना याच परिषदेत झाली, हे आपण सगळे जाणतो. एन. शिवराज त्या परिषदेचे अध्यक्ष होते. पण याच मांडवात २० जुलै रोजी बायांची स्वतंत्र परिषद भरली, हे मात्र सांगितलं तरच कळतं. सुमारे पंचवीस हजार बाया जमल्या होत्या, अशी नोंद आहे. पंचवीस हजार!

जुलै महिना डोळ्यांपुढे आणा. विदर्भातला पाऊस. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीचे दिवस, गुडघाभर चिखलात वाकून काम करायचे दिवस. त्या दिवसांत मजुरी बुडवणं म्हणजे घरातली भाकरी बुडवणं. मोटारी नाहीत, टेलिफोन नाहीत, बहुतेक बायांना अक्षरओळख नाही. तरी एवढ्या बाया आल्या. मेळाव्याला जाऊन काय मिळतं, हा प्रश्न त्यांनाही कुणीतरी विचारलाच असेल.

परिषदेच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्ष कीर्तिबाई पाटील, आणि चिटणीस इंदिराबाई पाटील. ही नावं वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. अध्यक्ष बाई, स्वागताध्यक्ष बाई, चिटणीसही बाई. सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात मुलींच्या शिक्षणावर भर दिला आणि बेताची संतती असावी, हा विषयही उघडपणे मांडला. १९४२ साली हजारो लोकांपुढे आपल्या समाजातली बाई हा विषय बोलली! आज दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं तरी आपल्यातल्या कितीतरी जणी मान खाली घालतात.

बाबासाहेब या परिषदेत बोलले. बायांची ती गर्दी आणि शिस्त पाहून त्यांना अतिशय आनंद झाला. एखादा समाज किती पुढे गेला हे आपण त्या समाजातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. हे वाक्य आज भिंतीभिंतींवर रंगवलेलं असतं. पण त्याच भाषणात त्यांनी घरात उपयोगी पडणाऱ्या गोष्टी सांगितल्या, त्या भिंतीवर येत नाहीत. स्वच्छ राहा. वाईट सवयींपासून दूर राहा. मुलांना शिकवा आणि आपण मोठे होऊ शकतो ही ईर्षा त्यांच्या मनात भरा. मुलांची लग्नं करायची घाई करू नका, लग्न ही एक जबाबदारी आहे, ती पेलण्याइतकी कमाई हातात येऊ द्या. आणि लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, दासी म्हणून राहायला नकार द्यावा. बंधूंनो, हे शेवटचं सांगणं बायांच्या सभेत झालं असलं तरी ते तुमच्यासाठीही आहे.

ठरावांचा हिशेब

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. त्या बायांना काय मिळालं?

भाषणं ऐकून त्या घरी गेल्या असत्या तर आज हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. त्या परिषदेनं ठराव केले. ठराव म्हणजे काय, हे आपल्या लहान बहिणींसाठी सोप्या शब्दांत सांगतो. सभेत एक जण मागणी मांडते, ती सूचक. दुसरी तिला दुजोरा देते, ती अनुमोदक. सगळ्या हात वर करतात, आणि ती मागणी सभेच्या नावानं कागदावर उतरते. मग ती एका बाईची तक्रार राहत नाही, ती सभेची मागणी होते.

नागपूरच्या त्या ठरावांत काय होतं ते पाहा.

एक ठराव होता घटस्फोटाचा. नवऱ्याशी संसार अशक्य झाला तर कायद्यानं मोकळं होण्याचा हक्क बाईला मिळावा. दुसरा होता एका पुरुषानं अनेक बायका करण्याविरुद्ध. भगिनींनो, सवत हे दुःख आपल्या ओव्यांइतकं जुनं. बाई दळताना ते गात होती, रडत होती, आणि नशीब म्हणून सोसत होती. मोहन पार्कात बायांनी सांगितलं की हे नशीब नसून चुकीची रीत आहे आणि ती कायद्यानं बंद करा.

आणखी एक ठराव होता कामकरी बायांचा, आणि आम्हाला तो सगळ्यांत मोठा वाटतो. गिरणीतल्या, विडी कारखान्यांतल्या, नगरपालिकेतल्या आणि रेल्वेतल्या बायांसाठी त्या परिषदेनं मागितलं : वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, कामावर इजा झाली तर पुरेशी भरपाई, आणि २० वर्षं नोकरी झाल्यावर पेन्शन. गिरणीत जिथं बाया काम करतात तिथं देखरेखीला बाईच नेमावी, असाही ठराव झाला.

ज्या बायांनी गिरणीत काम केलं आहे त्यांना या शेवटच्या मागणीचा अर्थ समजावून सांगायला नको. पुरुष मुकादमापुढे पोटात दुखतं म्हणून सुट्टी मागायची कशी? अंगावर पिणारं लेकरू घरी रडतंय हे सांगायचं कुणाला? त्याची नजर वाईट असेल तर तक्रार करायची कुणाकडे, त्याच्याचकडे? आणि विडीचं काम ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत आहे, की दिवसभर मान मोडून तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि संध्याकाळी खराब म्हणून छाट बाजूला काढली की हजाराची मजुरी हजाराची राहत नाही. हे हाल मोठ्या परिषदांमधल्या मोठ्या बायांना ठाऊक नव्हते. ते ज्यांना ठाऊक होते त्यांनीच ते ठरावात लिहिले. आपला मेळावा आपण का भरवायचा, याचं उत्तर या एका ठरावात आहे.

याशिवाय मुलींच्या शिक्षणाची सोय, त्यांच्यासाठी वसतिगृहं, आणि कायदेमंडळासह सगळ्या लोकनियुक्त संस्थांत आपल्या स्त्रियांना जागा, या मागण्या होत्या. ज्या बाईला गावच्या विहिरीवर जागा नव्हती, ती कायदेमंडळात जागा मागत होती.

आता पुढचं पाहू. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ साली त्यांनी खाणीत काम करणाऱ्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक मांडलं. बाळंतपणाच्या रजेचा विषय त्यांना नवा नव्हता. १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. स्वातंत्र्यानंतर कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल आणलं. ते रखडवलं गेलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याचेच तुकडे करून कायदे झाले. १९५५ सालच्या विवाह कायद्यानं एक पत्नी हयात असताना दुसरी करणं बंद केलं आणि बाईला घटस्फोटाचा हक्क दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे मोहन पार्कातल्या दोन ठरावांना तेरा वर्षांनी कायद्याचं रूप आलं.

विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला. १९९३ पासून ग्रामपंचायत ते महानगरपालिका एक तृतीयांश जागा स्त्रियांना राखीव झाल्या, आणि त्यात अनुसूचित जातींच्या जागांमध्येही स्त्रियांचा वाटा ठेवला गेला. महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर गेलं. आणि लोकसभा-विधानसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती संसदेनं मंजूर केली ती २०२३ साली. १९४२ पासून मोजा : एक्याऐंशी वर्षं!

एका मेळाव्यानं हे सगळं घडलं, असं आम्ही म्हणत नाही. त्यामागे बाबासाहेबांची विद्वत्ता होती, अनेकांचे लढे होते, तुरुंगवास होते, संप होते. पण मागणी आधी कुणीतरी उच्चारावी लागते, लिहावी लागते. ती चिखलातून चालत आलेल्या बायांनी उच्चारली आणि लिहिली. त्यातल्या कित्येक जणींनी त्याचं फळ पाहिलं नसेल. आपण ते खातो आहोत.

विसरण्याची सवय

मग ही माणसं आपल्याला माहीत का नाहीत? कारण आपल्याकडे सभा होते, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी सतरंज्यांबरोबर आठवणीही गुंडाळून ठेवल्या जातात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी भगिनींनी ही सवय मोडली. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहिलं. ते १९८९ साली प्रसिद्ध झालं. चळवळीत आयुष्य घालवलेल्या कितीतरी बाया त्या पुस्तकामुळे आपल्याला कळल्या. आपल्या विहाराच्या कपाटात हे पुस्तक आहे का, एकदा बघा.

आणि मेळाव्यातून नवं काही निघतं, याचा आणखी एक दाखला जवळचा आहे. २५ डिसेंबर १९९६ रोजी चंद्रपूरला विकास वंचित दलित महिला परिषद भरली. मनुस्मृती दहनाचा तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, अशी मागणी त्या परिषदेत पुढे आली. आज २५ डिसेंबरला ठिकठिकाणी आपल्या बाया एकत्र येतात, त्यामागे ती परिषद आहे.

एक पगारपत्रक

मोठ्या परिषदांचं झालं. आता अगदी लहान बैठकीचं सांगतो, कारण आपल्यातल्या बहुतेक जणींच्या वाट्याला तीच येते.

एका वस्तीतल्या विहारात बायांची महिन्याची बैठक होती. वीस-बावीस जणी असतील. त्रिशरण-पंचशील झालं. नेहमीप्रमाणे कुणी बोलेना. तेव्हा सफाईच्या कंत्राटी कामावर जाणारी एक ताई उठली आणि पदराच्या गाठीतून चुरगळलेलं पगारपत्रक काढून म्हणाली, "माझ्या पगारातून फंड कापतात, पण माझ्या फंडाचा नंबरच मला कुणी देत नाही. ही चूक माझी का त्यांची?" दोन मिनिटं सगळ्या गप्प होत्या. मग दुसरी म्हणाली, "माझंही तसंच." मग तिसरी. मोजलं तर नऊ जणी निघाल्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी कामाला होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपण अडाणी म्हणून आपल्यालाच कळत नाही.

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं तिथंच अर्ज लिहिला. फंडाची कपात होत असेल तर पगारपत्रकावर खाते क्रमांक असायला हवा, कापलेल्या रकमेबरोबर मालकाचाही वाटा भरला गेला पाहिजे, आणि तसं होत नसेल तर भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात तक्रार करता येते, हे तिनं वाचून दाखवलं. नऊ सह्या झाल्या. दोन अंगठे होते, त्या दोघींनी पुढच्या बैठकीत सही शिकून घेतली. तीन हेलपाट्यांनंतर चौघींना नंबर मिळाले. पाच जणींचं अजून बाकी आहे, आणि त्या चौघी त्यांच्याबरोबर हेलपाटे घालतात.

मेळाव्यात काय मिळतं? त्या ताईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की जे तिला स्वतःचं अडाणीपण वाटत होतं ती नऊ जणींची फसवणूक होती. हे घरात बसून कळत नाही. नळावरच्या भांडणात कळत नाही. चार जणी एका सतरंजीवर बसून, एकमेकींचं ऐकून घेतात तेव्हाच ते कळतं. त्या दिवशी तिथं कुणी मोठा पाहुणा नव्हता, हारतुरे नव्हते.

आता आपला मेळावा

म्हणून यंदाच्या मेळाव्यांसाठी आम्ही काही सुचवतो. यातलं काहीही पैसे लागणारं नाही.

मेळाव्याचा पहिला तास वस्तीतल्या बायांचा ठेवा. पाहुणे नंतर बोलतील. ज्यांना ऐकायचं असेल ते पाहुणे बसतील, ज्यांना घाई असेल त्यांनी पुढच्या वर्षी यावं. मंचावर कोण बसतं तेही बघा. महिला मेळाव्यात खुर्च्यांवर सगळे पुरुष आणि बाया चहाच्या भांड्याजवळ, हे चित्र मोहन पार्कातल्या बायांना आवडलं नसतं.

त्या दिवशी चहा पुरुषांनी करावा आणि लहान लेकरं दोन तास सांभाळावीत. बंधूंनो, यात कमीपणा नाही. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना? मग हेही त्यांच्याच शिकवणीत बसतं.

ठराव करा. दहा नको, एकच करा, पण आपल्या वस्तीचा करा. पहाटे येणाऱ्या पाण्याचा असेल, सार्वजनिक संडासाच्या दाराला कडी नाही त्याचा असेल, दारूच्या गुत्त्याचा असेल, मुलीला दहावीनंतर घरी न बसवण्याचा असेल. सूचक कोण, अनुमोदक कोण, त्यांची नावं लिहा. बाईचं नाव लिहिताना अमक्याची बायको असं लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा. त्यासाठी एक वही घाला आणि ती विहारात ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी त्यांच्या मुली लिहितील, आणि लिहिता लिहिता आपल्या आईचं म्हणणं त्यांना कळेल.

मेळावा संपायच्या आधी पुढच्या बैठकीची तारीख ठरवा, आणि त्या बैठकीत आधी मागच्या ठरावाचा हिशेब घ्या. काय झालं, कोण गेलं, साहेब काय म्हणाले. झालं नसेल तर तसं लिहा. न झालेलं लिहून ठेवलं की ते विसरलं जात नाही.

आणि वस्तीत ऐंशी-नव्वदीच्या ज्या आजीबाई असतील त्यांना मेळाव्यात पुढे बसवा. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला आलेली एखादी त्यात असेल. तिची आठवण त्याच वहीत उतरवून घ्या. त्या बाया गेल्या की त्यांच्याबरोबर सगळं जातं, आणि मग आपल्या नाती विचारतात, आपल्याकडे कोण होतं?

तरुण मुलींना आणखी एक सांगणं आहे. तुम्ही शिकलात, तुमच्या हातात मोबाईल आहे, कायद्याची माहिती तुम्हाला क्षणात सापडते. आईच्या मैत्रिणींबरोबर सतरंजीवर बसायला लाजू नका. त्यांना अर्ज लिहिता येत नाही, पण कुठं दुखतं ते त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला अर्ज लिहिता येतो. नागपूरला त्या दिवशी शाळा चालवणाऱ्या, शिकलेल्या बाया आणि गिरणीतल्या, शेतातल्या बाया एकाच मांडवात बसल्या होत्या, म्हणून ते ठराव झाले.

तेव्हा यंदा कुणी विचारलं, मेळाव्याला जाऊन काय मिळतं, तर भांडू नका. वही दाखवा. आणि वही अजून कोरी असेल तर पुढच्या रविवारी विहारात जा, पहिलं पान उघडा, वर तारीख घाला, आणि पहिला ठराव लिहा.

जय भीम!